कार्यालयीन स्पॅनिश

रामसिंग राठोड केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांना शाल-श्रीफळ देताना मास्तर मंडळींचे चेहरे इतके उजळले होते, की फोटोवाल्याला फ्लॅश मारायची गरज पडली नाही. उभी नोकरी त्यांनी शाळा तपासल्या. खडू ओला का, नकाशा वाकडा का, मुलं हसतायत कशाला, असं विचारत ते वर्गावर्गांतून फिरले, आणि जाताना 'सुधारणेस वाव आहे' असा शेरा मारून चहा प्यायले. नोकरी सुटली, सवय कुठली सुटायला? मग ते आपला तांडाच तपासू लागले. ढाणकीच्या रस्त्याला लागून असलेला लखमा नायक तांडा हा त्यांच्या मते सुधारणेला भरपूर वाव असलेला तांडा होता, आणि त्यातही सगळ्यांत जास्त वाव होता तो तांड्याच्या बोलीला.

बंजाऱ्यांचा तांडा; घरोघरी गोरबोली. एक रामसिंगांचं घर सोडून. 'पुढं जायचं असेल तर पुढची भाषा बोला,' हा त्यांचा सिद्धांत. सुखीबाई लग्न होऊन आल्या आणि त्यांनी नव्या नवऱ्याला गोरबोलीत जेवायला बोलावलं, तर नवरा उपाशी बसून राहिला, पण उठला नाही. तेव्हापासून बाई उंबऱ्याच्या आत मराठी बोलत, म्हणजे वऱ्हाडी बोलत, जिला रामसिंग नाइलाजानं मराठी मानत; आणि उंबऱ्याबाहेर पाय पडला की गोरबोली. एकुलता एक मुलगा शाम लहानपणी आईला 'याडी' म्हणाला, की त्याला कोपऱ्यात उभं करून 'आई' म्हणवून घेतलं जायचं. पोरगा बापाचं ऐकून पुढं गेला. इतका पुढं गेला, की थेट स्पेनमध्येच जाऊन थांबला. तिथल्या एका कंपनीत लागला, तिथल्याच एका परिचारिकेशी लग्न केलं. तिचं नाव नूरिया.

ढाणकीच्या स्टँडजवळ नासिरचं टायरचं दुकान होतं. रामसिंगांचं बसणं तिथं. हे नाव ऐकून नासिर खूश झाला होता.

"नूरिया? गुरुजी, हे तं आमच्यातलं नाव वाटते."

"ख्रिश्चन आहे ती."

"असू द्या ना. नाव तं चांगलं आहे," नासिर म्हणाला, आणि त्यानं ट्यूब पाण्यात बुडवली.

शामला मुलगी झाली, तिचं नाव इनेस. आता ती पाच वर्षांची होती आणि तिला एकच भाषा येत होती, स्पॅनिश. दर रविवारी मोबाइलवर तिचं दर्शन व्हायचं. रामसिंग मोबाइल अशा रुबाबात धरायचे, की पलीकडच्यांना त्यांचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसे. एका रविवारी ती पोर पडद्याजवळ येऊन काहीतरी लांबलचक बोलली. रामसिंग म्हणाले, "व्हेरी गुड, व्हेरी गुड!"

शाम हसला.

"काय म्हणाली ती?"

"काही नाही, बाबा."

"तरी?"

"विचारते, आजोबांना तोंड नाही का."

सुखीबाई मागं भाजी निवडत होत्या. त्यांनी हसू पदरात दाबलं. पण ते पदराला आवरण्यासारखं नव्हतं.

त्याच बोलण्यात शामनं सांगून टाकलं, की दसऱ्याला तो इनेसला घेऊन येतोय आणि दिवाळी करूनच जाणार. नूरियाला रजा नव्हती. हे ऐकल्यावर रामसिंग बराच वेळ अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. कारण दिवाळीच्या अवसेला तांड्यात मेरा असतो. दिवेलागणीला लेकी-पोरी नटून, हातात दिवा घेऊन, गाणं म्हणत घरोघर फिरतात. प्रत्येक थोरामोठ्यासमोर उभ्या राहून, त्याचं नातं घेऊन त्याला मेरा म्हणतात, म्हणजे वर्षाचं भलं चिंततात. रामसिंग या प्रकाराला 'सांस्कृतिक कार्यक्रम' म्हणत आणि त्याबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. तरी दर दिवाळीला त्या वेळी ते अंगणात खुर्ची टाकून, इस्त्रीचा सदरा घालून, सहज बसल्यासारखे बसत. पोरी येत, 'काका, मेरा' म्हणत, जात. सगळ्या दुसऱ्यांच्या. या घरात मुलगी नव्हती. आता होती. ती आपल्यासमोर दिवा घेऊन उभी राहणार, आणि आपण काय म्हणणार? व्हेरी गुड?

रामसिंगांनी ठरवलं, स्पॅनिश शिकायची. पोरगी येईल ती आपल्याशी बोलेल, सुखीबाईशी नाही, शेजारच्या बादलच्या पोरांशी नाही, आपल्याशी. अख्ख्या तांड्यात तिच्याशी बोलू शकणारा एकच माणूस असेल. ही गोष्ट त्यांनी दुसऱ्याच दिवशी तांड्यात जाहीर करून टाकली. एक अक्षर शिकायच्या आधी जाहीर करायची, ही खात्यातली पद्धत.

शिकण्याला त्यांच्या दोन अटी होत्या. एक, मोफत पाहिजे. शिक्षण विकत घेणं त्यांना पटत नसे. त्यांनी स्वतः ते कुणाला फुकटसुद्धा दिलं नव्हतं. दुसरी, सुसंस्कृत पाहिजे. नातीशी बोलायचंय, काहीबाही डोक्यात जाता कामा नये.

पुतण्या जीवन ढाणकीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्यानं काकांच्या मोबाइलात एक फुकटचं ॲप टाकून दिलं. पहिला धडा, मुलगा सफरचंद खातो. रामसिंगांनी मान डोलावली. दुसरा, मुलगी पाणी पिते. उत्तम. तिसऱ्यात बाई वाइन प्यायला लागली.

"बंद कर."

"काका, तिकडं लोक पाण्यासारखी पितेत ते. जेवणात राह्यते."

"पाण्याचा धडा झाला आहे. बंद."

मग जीवननं व्हिडिओ लावून दिले. त्यातली एक शिक्षिका बोलताना सारखी हसायची. रामसिंगांचा शेरा: शिस्तीचा अभाव. दुसरा एक तरुण समुद्राच्या काठावर अर्ध्या चड्डीत उभा राहून क्रियापदं शिकवत होता. शेरा: गणवेश नाही. लहान मुलांच्या कार्टूनमध्ये मेंढीचं कोकरू आईला उलट बोलत होतं. ते गेलं. सोप्या गोष्टींमध्ये दोन मांजरं लग्नाशिवाय एका घरात राहत होती. तीही गेली. गाणी ऐकून शिका, असं एकानं सांगितलं, तर प्रत्येक गाण्यात कुणीतरी कुणासाठी तरी मरायला टेकलेलं. शेवटी एका चर्चमधल्या पाद्र्याचं प्रवचन मिळालं. फुकट, सुसंस्कृत, आणि माणूस अंगभर कपडे घालून संथ बोलणारा. रामसिंग काही दिवस ते मन लावून ऐकत होते. पण त्यात 'पाप' हा शब्द फार यायचा, आणि बोलताना पाद्री थेट त्यांच्याकडेच बघायचा.

"हे बुवा तुमच्यावर कायले तापून राह्यले?" सुखीबाईंनी विचारलं.

प्रवचनही बंद झालं.

"काका, मंग तुमाले पायजे तरी काय?" जीवन रडकुंडीला आला. "वाइन नाही पायजे, गाणं नाही पायजे, हसणं नाही पायजे. आता तिकडच्या लोकायनं तुमच्यासाठी नवीन देश काढावा का?"

आणि मग एके दिवशी ते सापडलं. तिकडच्या कुठल्याशा नगरपालिकेनं बाहेरदेशांतून आलेल्यांसाठी मोफत अभ्यासक्रम काढला होता. पडद्यावर एक टेबल. टेबलावर छोटा झेंडा. टेबलामागं कोट घातलेला, न हसणारा माणूस. समोरून दुसरा माणूस यायचा आणि म्हणायचा, "नमस्कार. अर्ज कुठे मिळेल?" कोटवाला म्हणायचा, "खिडकी क्रमांक तीन." मग दुसरा म्हणायचा, "आभारी आहे. सोबत काय जोडावे?" कोटवाला म्हणायचा, "मूळ प्रमाणपत्र व दोन छायाचित्रे."

रामसिंगांचे डोळे पाणावले. सगळं आयुष्य ज्या भाषेत गेलं, ती भाषा समुद्रापलीकडं कुणीतरी जपून ठेवली होती.

पुढचे महिने त्यांनी त्या अभ्यासक्रमाला वाहिले, आणि खोटं कशाला बोला, मनापासून शिकले. उच्चार घोटले. पाऊस पत्र्यावर वाजत असायचा आणि आत रामसिंग मोबाइलमागोमाग म्हणत असायचे. गोठ्यातली म्हैससुद्धा आता दूध देण्याआधी कागदपत्रं मागेल, असं बादल शेजारी तांडाभर सांगत सुटला होता.

"हे आता काय म्हणून राह्यले तुम्ही?" सुखीबाई विचारायच्या.

"ग्रंथालय सोमवारी उघडे असते."

"कोनतं ग्रंथालय?"

"कोणतं असं नाही. वाक्य आहे."

"एवढ्या जोरात म्हटलं, मले वाटलं कोणी गेलं काय."

नासिरच्या दुकानात एकदा फर्माईश झाली. "गुरुजी, जरा बोलून तं दाखवा."

रामसिंगांनी घसा साफ केला आणि खणखणीत एक वाक्य टाकलं. नासिरनं "वा!" म्हटलं. पंक्चर काढायला आलेल्या दोघांनी माना डोलावल्या.

"मतलब काय झाला?"

"कृपया रांगेत उभे राहा."

नासिरनं रस्त्याकडं पाहिलं. रस्त्यावर एक बकरी होती.

"अन् पोट्टीसंग हेच बोलसान?"

"भाषा ती भाषा, नासिर. एकदा पाया पक्का झाला की काहीही बोलता येतं."

"मंग ठीक आहे. ते पाच वर्साची आहे, काई न काई काम राहीलच तिचं हापिसात."

अज्ञानी माणसांच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नसतं. रामसिंगांनी दिलं नाही.

दसऱ्याच्या आधी शाम आला. नांदेडहून केलेली जीप तांड्यात शिरली, तेव्हा तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या घरापासून ते शेवटच्या गोठ्यापर्यंत सगळा तांडा रामसिंगांच्या अंगणात होता. काही लोक नातीला बघायला आले होते, बहुतेक रामसिंगांना. इनेस उतरली. पाठीवर कासवाच्या आकाराची पिशवी, डोळे झोपेनं आणि धुळीनं लाल. रामसिंग जाकीट घालून पुढं झाले. 

"सुप्रभात," रामसिंग स्पॅनिशमध्ये म्हणाले. दुपार होती, पण उच्चार निर्दोष होता. "आपण कोठून आला आहात?"

पोर दचकली. मग हळूच म्हणाली, "वालेन्सियाहून."

समजलं! तांड्यात कुजबुज झाली. शाम थक्क होऊन बापाकडं बघत राहिला. रामसिंगांची छाती जाकिटात मावेना.

"येथे किती काळ मुक्काम करणार आहात?"

पोरीनं बापाकडं पाहिलं. "दिवाळीपर्यंत," बापानं तिला सांगितलं. "दिवाळीपर्यंत," तिनं आजोबांना सांगितलं.

"येण्याचा हेतू काय?"

 यावर इनेसनं कासवाचं पोट उघडलं, आतून पासपोर्ट काढला आणि दोन्ही हातांनी आजोबांच्या पुढं धरला. वर शामला काहीतरी विचारलं.

टाळ्या वाजवायला उचललेले हात बादलनं तसेच धरून ठेवले होते. "काय म्हनते पोरगी?"

शाम घुटमळला. "म्हणते... हेपण विमानतळावरचेच साहेब आहेत का?"

तांडा असा हसला, की म्हैस दावं ओढून उभी राहिली. रामसिंगांनी पासपोर्ट घेतला. करतात काय? पान उलटलं, फोटो पाहिला, परत दिला. "आभारी आहे. पुढे जा," त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, आणि पोरगी खरोखरच पुढं गेली, ती थेट सुखीबाईंकडं.

त्या दिवसानंतर ते रोज प्रयत्न करत होते, हे म्हटलंच पाहिजे. पोर अंगणात चिखलाचे गोळे करत असायची. रामसिंग जवळ जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "आज कार्यालय दुपारी दोनपर्यंत सुरू राहील." ती म्हणायची, "बरं." ते म्हणायचे, "आपली काही तक्रार आहे का?" ती म्हणायची, "नाही." मग ती पळून जायची. तिला त्यांचं सगळं कळत होतं. तेच तर दुखणं होतं. सगळं कळूनही त्यावर पाच वर्षांच्या मुलीनं बोलावं असं त्यात काही नव्हतं.

बाकीच्यांची तऱ्हा काही उजवी नव्हती. सुखीबाईंची समजूत अशी, की गोरबोली पुरेशा जोरात बोलली की कुणालाही समजते. त्या अंगणात नातीच्या कानाशी इतक्या ओरडायच्या, की पोर कानावर हात ठेवूनच जेवायची. शेजारची मैनाबाई छातीठोक सांगायची, "मले तिचं सारं समजते." पोरीनं बोट दाखवलं ती वस्तू मैनाबाई तिला देऊन टाकायची, एवढ्या भांडवलावर समजायला कठीण काय आहे? शाम तर रात्री कंपनीचं काम करायचा आणि दिवसा झोपायचा. मधे उठला की म्हणायचा, "बाबा, तिच्यासोबत खेळा ना थोडं."  अभ्यासक्रमात खेळ हा घटक नव्हता.

इनेस मात्र खेळत होती. बादलची पोरगी रामी तिच्याहून थोडी मोठी, आणि तांड्यातल्या सगळ्या पोरापोरींची पुढारी. तिनं या नव्या भिडूला तपासून बघितलं, झाडावर चढता येत नाही म्हणून शिव्या घातल्या, आणि चढवलं. सकाळी गेलेली इनेस भाकरीच्या वेळी परतायची ती गुडघे फोडून, केसांत काड्या घेऊन, आणि कमालीची आनंदात.

एका सकाळी रामसिंग दाढी करत होते. मागून आवाज आला, "दादी, पाणी द."

आवाज स्पॅनिश नव्हता. रामसिंगांनी वस्तरा खाली ठेवला. सुखीबाईंनी पेला भरून दिला. पोर पाणी पिऊन, तोंड पुसून, उड्या मारत निघून गेली. रामसिंगांनी अर्ध्या दाढीनिशी शामला उठवलं.

"ऐकलंस? काय बोलली ती?"

"काय बोलली?"

"पाणी मागितलं!"

"मग? दिलं नाही का?"

"कोणत्या भाषेत मागितलं, ते विचार! गोरबोलीत! ती त्या पोरांमध्ये राहून मागं पडेल, शाम. मराठी का नाही शिकवलीस तिला? निदान मराठी?"

शामनं उशीतून डोकं वर केलं. "बाबा, तिला पुढं कुठं लागणार आहे मराठी?"

 वाक्य रामसिंगांच्या ओळखीचं होतं. तेच 'पुढं', तोच ठसका. फक्त गळा मुलाचा होता. त्यांनी उरलेली दाढी केली, आणि हनुवटीवर दोनदा कापून घेतलं.

पण माणूस हार मानणारा नव्हता. दिवाळी अजून यायची होती. बाकी दिवस पोर निसटते ठीक आहे. मेऱ्याला तर तिला समोर उभं राहावंच लागेल. तेव्हा आपण असं काही बोलू, की तिला कळेल आजोबा कोण आहेत. त्यांनी अभ्यासक्रमातली उत्तमोत्तम वाक्यं वेचून एक आशीर्वादपर भाषण जुळवलं आणि पाठ करायला घेतलं. इकडं मैनाबाईनं इनेससाठी छोटीशी फेट्या-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, शिवली, घागऱ्याला आरसे लावले, आणि रामी तिला अंगणात फिरवून गाणं शिकवू लागली. एका अंगणात दोन तालमी चालू.

"लई लंबं होऊन राह्यलं ते तुमचं," सुखीबाई एकदा म्हणाल्या. "पोरीच्या हातातला दिवा इझन तोपर्यंत."

"प्रसंगाला साजेसं नको का?"

"तिले विचारून पाहा ना, भूक लागली का. हे येते का तुमच्या इस्पानीत?"

येत नव्हतं. त्या नगरपालिकेत भूक कुणालाच लागत नसे. रामसिंगांनी हा प्रश्न तुच्छतेनं बाजूला सारला.

अवस आली. दिवेलागणीला पोरींचा घोळका रिवाजाप्रमाणं आधी नायकाच्या घरी गेला, मग बादलच्या, मग मैनाबाईच्या. गाण्याचा आवाज घराघराला थांबत जवळ येऊ लागला. रामसिंग खुर्चीत ताठ बसले होते, इस्त्रीचा सदरा, वर जाकीट. शाम मोबाइल घेऊन तयार. शेजारपाजारचेही येऊन उभे राहिले. दसऱ्याच्या वेळची मजा कुणी विसरलं नव्हतं.

पोरी अंगणात आल्या. रामीनं इनेसला पुढं ढकललं. आरशांच्या घागऱ्यात, हातात दिवा, वाऱ्याला तळहात आडवा धरलेला. ओठ पुटपुटत होते. चुकू नये म्हणून तिची जीव तोडून धडपड चालली होती. ती आजोबांसमोर उभी राहिली, आणि एकही अक्षर न चुकता, गोरबोलीत, "दादा", म्हणजे आजोबा, असं नातं घेऊन तिनं मेरा म्हटला.

 रामसिंग उभे राहिले. भाषण पाठ होतं, आणि पाठ केलेलं भाषण समोर कोण उभं आहे याची पर्वा करत नाही. त्यांनी स्पॅनिशमध्ये सुरुवात केली. आपण वेळात वेळ काढून येथे उपस्थित राहिलात याबद्दल आभार. आपल्या शुभेच्छांची नोंद घेण्यात आली आहे. आपले भवितव्य उज्ज्वल व्हावे अशी सर्व कर्मचाऱ्यांच्या वतीने सदिच्छा. उच्चार निर्दोष. इनेस दिवा सांभाळत ऐकत होती. तिची मान हळूहळू एका बाजूला कलत गेली. "आपणास यथावकाश कळविण्यात येईल," रामसिंगांनी समारोप केला.

इनेस रामीकडं वळली. जन्मापासून जी भाषा ती बोलत आली होती, त्या भाषेतलं ते भाषण, आणि त्याबद्दल तिनं रामीला गोरबोलीत विचारलं, "दादा कांयी कछ?" दादा काय म्हणतोय?

रामीला स्पॅनिशचा गंध नव्हता. पण रामसिंगांना ती जन्मापासून ओळखत होती.

"कांयी छेनी," रामी म्हणाली. काही नाही.

एवढं समजल्यावर थांबण्यात अर्थ नव्हता. पोरी वळल्या. आरसे वळले, दिवा वळला. मेरा म्हणून झाला होता, दादाचं उत्तर आलं नव्हतं, आणि पुढं पुष्कळ घरं होती. शामनं मोबाइल खाली घेतला. नायक दुसरीकडं बघू लागले. आता हसायलाही कुणी तयार होईना.

"ए छोरी!"

आवाज कुणाचा ते प्रथम कुणाला कळलंच नाही. नायक, बादल, मैनाबाई, सगळे मागं वळून बघू लागले. त्या तोंडून गोरबोली ऐकलेली माणसं तांड्यात फार थोडी उरली होती. सुखीबाईंचा हात पदराकडं गेला आणि तिथंच राहिला.

इनेस थांबली. परत आली. समोर उभी राहून वर बघू लागली.

आता बोलायला हवं होतं. रामसिंगांनी आत हात घालून पाहिला; सगळं गंजलेलं. आशीर्वाद आठवेना, उत्तर कसं देतात ते आठवेना. हाती लागला तो एकच प्रश्न, तांड्यातला कुठलाही म्हातारा वाटेत भेटलेल्या कुठल्याही पोरीला विचारतो तो.

"तू केर छोरी?" तू कुणाची पोर?

बादलनं कपाळावर हात मारला. सख्ख्या नातीला भर तांड्यात विचारतोय, कुणाची म्हणून! पण इनेसला त्यात काही वावगं वाटलं नाही. हा प्रश्न तिला एव्हाना तांड्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्यानं विचारला होता, आणि उत्तर तिनं कधीच ठरवून टाकलं होतं.

"दादीर," ती म्हणाली. आजीची.

हशा उसळला. सुखीबाईंची मान अशी काही ताठ झाली, की ती पुढचे चार दिवस तशीच राहावी. इनेस मात्र हसत नव्हती. तिला हे संभाषण आवडलं होतं. दिवा या हातातून त्या हातात घेऊन तिनं आजोबांना उलट विचारलं,

"अन् तू केर?"

रामसिंगांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. माजी केंद्रप्रमुख, शिक्षण विभाग, असं काहीतरी ओठांवर येऊ पाहत होतं. पण ते गोरबोलीत कसं म्हणतात हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पोर वाट बघत होती. तांडा वाट बघत होता. खांबाला टेकून सुखीबाई बघत होत्या, आणि त्यांना काही घाई नव्हती.

"दादीर," रामसिंग म्हणाले.

इनेसनं मान हलवली. तिला ते पटलं असावं. मग रामीनं हाक मारली, आणि ती घागरा सावरत पुढच्या घराकडं पळाली.